पलंगावरून दिसतं ते

२ फेब्रुवारी

बाई,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच बाजूला ठेवाल अशी धास्ती होती, म्हणून पत्ता मोठ्या सिस्टरांकडून लिहून घेतला. ही लबाडी पहिल्याच ओळीत कबूल केली आहे, तेव्हा आता पुढचं वाचा.

तुमच्या निरोपसमारंभानंतर आपण एकमेकींशी बोललो नाही, त्याला दोन वर्षं होत आली. तुमच्या जागी माझी नेमणूक ठरली तेव्हा समितीतल्या सगळ्यांनी हात वर केले आणि तेवढ्या तुम्ही केला नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणालात तेही त्याच संध्याकाळी माझ्यापर्यंत पोचलं. असलं काही सांगायला माणसं धावत येतात. "हिला हॉटेल उत्तम चालवता येतं. पण हॉटेलातून लोक घरी जातात." मला राग आला होता. अजूनही थोडा शिल्लक आहे. पण आज भांडायला लिहीत नाही, विचारायला लिहिते आहे.

बागेकडच्या खोलीत एक गृहस्थ आले आहेत. उभं आयुष्य फुटबॉलच्या मैदानांवर पंच म्हणून धावले, त्यामुळे त्यांना सगळे पंचच म्हणतात. आजार मणक्यापर्यंत गेलाय. आपण इथे शेवटचे दिवस काढायला आलो हे त्यांना स्वच्छ ठाऊक आहे. आल्या आल्या म्हणाले, "शेवटची काही मिनिटं उरलीत, तेव्हा उगाच धावाधाव नको."

तीन दिवस झाल्यावर मोठ्या सिस्टरांनी त्यांना तुमचा तो प्रश्न विचारला, "तुमचा सोबती कोण?" नियम तुमचा असला तरी लिहिते, कारण मला तो कधीच धड पटला नाही. इथे येणाऱ्यानं इथल्या माणसांतलं एक माणूस निवडायचं, मग तो डॉक्टर असो नाहीतर गाडीचा ड्रायव्हर. आणि रुग्णाला काय हवं आहे याबाबत त्या खोलीत त्या माणसाचा शब्द शेवटचा. मी आले तेव्हा हा नियम मोडीत काढायलाच निघाले होते. ड्यूट्या लावता लावता माझ्या डोक्याचा भुगा होतो. ज्याला बोलवावं तो म्हणतो, "मॅडम, मी अमक्यांचा सोबती, मला हलता येणार नाही."

पंचांनी मला निवडलं, बाई.

मोठ्या सिस्टर सांगायला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांना वाटलं, पंचांची माणसांत गल्लत होते आहे. म्हणून त्यांनी परत जाऊन विचारलं. पंच म्हणाले, "त्या ऑफिसातल्या. चष्मा केसांत खोचून चष्मा शोधणाऱ्या." म्हणजे मीच. का निवडलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मी कधी कोणाच्या उशाशी बसलेली नाही. माझं काम चादरी, पंप, गॅस, पगार आणि देणगीदार. उंटावरून शेळ्या हाकणारी, हे तुमचेच शब्द. म्हणून एकच विचारते, संस्थाप्रमुखाला नकार देता येतो का?

आपली,
संस्थाप्रमुख


११ फेब्रुवारी

बाई,

तुमचं कार्ड मिळालं. "नाही." एवढाच मजकूर, खाली सही, बाकी सगळं कोरं. आमचे हे म्हणाले, "तुझ्या बाईंना तिकिटाचा पुरेपूर उपयोग करून घेता येत नाही." पण उत्तर आलं, तेही उलट टपालानं. त्याबद्दल आभार मानते. मनापासून मानते.

तर मी जाऊ लागले. पहिल्या दिवशी फाइल छातीशी धरून पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले, हॉटेलात पाहुण्याची तक्रार ऐकायला उभी राहायचे तशी. पंच म्हणाले, "मॅडम, उभं राहून निकाल देणारा या खोलीत एकच, आणि तो सध्या आडवा झालाय. तुम्ही बसा." बसले. पडदा सारखा केला. पाण्याचा तांब्या उजवीकडचा डावीकडे ठेवला. त्यांनी तो परत उजवीकडे ठेवायला लावला.

मला का निवडलंत, हे मी न राहवून विचारलं. त्यांनी दोन कारणं सांगितली. एक लिहिण्यासारखं नाही, ते लिहीत नाही. दुसरं असं, "इथे जो तो माझ्यावर माया करायला टपलाय. तुम्ही एकट्या घड्याळ बघता. मला वेळ राखणारं माणूस पाहिजे."

वेळ कशासाठी, तर मुलीसाठी. ती मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. जहाज भर समुद्रात आहे आणि बंदराला लागेपर्यंत तिला उतरता येत नाही. मार्चच्या सुरुवातीला लागेल म्हणतात. पंचांची बायको गेली तेव्हाही लेक अशीच दुरून धावत आली होती. पोचली, पण आई औषधाच्या झोपेत. पोर हात धरून बसून राहिली, आईनं डोळे उघडले नाहीत. "तेव्हापासून एकच वाक्य तिच्या तोंडात आहे," पंच म्हणाले. "आईनं मला बघितलंच नाही. मॅडम, ती येईल तेव्हा मला जागं ठेवा. दुखलं तर दुखू दे. तिनं मला बघायचं हे ठीकच आहे, पण मी तिला बघितलं पाहिजे."

मी होय म्हणाले. पाहुण्याला होय म्हणायची जिभेला सवय आहे. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण कशाला होय म्हणून बसलो.

सोबत्यानं असं वचन देऊन टाकायचं असतं का? इथे मला विचारायला कोणी नाही. माझ्या हाताखालच्यांना मी विचारलं तर ते उत्तर देतील, पण मग माझ्याकडे कसं बघतील? वर बसणाऱ्याची ही गंमत तुम्ही मला खुर्ची देताना सांगितली नाहीत. अर्थात तुम्ही कुठे दिलीत!

आपली,
संस्थाप्रमुख


२० फेब्रुवारी

बाई,

आज पत्र घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या.

रोज सकाळी सिस्टर पंचांना विचारतात, दुखणं शून्य ते दहात किती? पंच रोज म्हणतात, तीन. तक्त्यावर तिनांची रांग लागलेली. डॉक्टर समाधानी, सिस्टर समाधानी, मीही समाधानी. मी तर म्हटलं, चला, आपला पायगुण चांगला दिसतोय.

परवा अंग पुसायला त्यांना कुशीवर वळवलं आणि त्यांनी टॉवेल दातांत धरला. तोंडातून आवाज नाही, पण उशी घामानं भिजली. मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "पंच, किती?" दातांतला टॉवेल काढून ते म्हणाले, "तीन."

सगळ्यांना बाहेर काढून मी विचारलं, की हे काय चाललंय? ते म्हणाले, "मोठा आकडा सांगितला की मोठं औषध. मोठं औषध आलं की झोप. आणि झोप लागली की सामना संपला. मग मी तीनच सांगणार, की अजून काही?" थोड्या वेळानं म्हणाले, "आणि खरं सांगू का, ते दहापैकी वगैरे मला कळतही नाही. मी जन्मभर फाउल आहे की नाही, एवढंच बघितलं. सात फाउल, साडेतीन फाउल असं काही नसतं."

दुखणं ओळखणं हाच आपला धंदा. पण आकडा विचारणाऱ्याशी माणूस सौदा करत असेल, हे आपल्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. डॉक्टरांना मी सांगितलं तेव्हा तोंडात मारल्यासारखे झाले. तुमचा लाडका विद्यार्थी तो. एरवी तो नाकावर माशी बसू देत नाही. लगेच म्हणाले, "आत्ता औषधाचा पंप लावतो. संध्याकाळपर्यंत शांत झोपतील."

मी म्हटलं, "नको."

"मॅडम, दुखणाऱ्या माणसाला तसंच जागं ठेवायला मी शिकलेलो नाही."

"त्यांना मुलीला बघायचंय."

"हे तुम्ही प्रमुख म्हणून सांगताय की सोबती म्हणून?"

प्रमुख म्हणून मी त्यांना औषधातलं काही सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. म्हटलं, "सोबती म्हणून."

त्यांनी स्टेथोस्कोप खिशात घातला. मग म्हणाले, "सोबती म्हणून सांगत असाल तर मला ऐकावंच लागेल. बाईंनी आम्हाला तसंच शिकवलंय." आणि निघून गेले. दार हळू लावलं, आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाई, एक माणूस माझ्या शब्दामुळे दुखणं सोसतो आहे. मी बरोबर करते आहे का? एवढं एक सांगा.

तुमची,
मी


२५ फेब्रुवारी

बाई,

तुमचं कार्ड आलं. "औषधाचं डॉक्टरला विचार. काय हवंय ते पंचांना विचार. तू दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बस. मला काय विचारतेस?"

वाचून आधी चिडले. मग कार्ड खिशात घालून खुर्ची उचलली आणि खरोखरच मध्ये टाकली. पलंगावर पंच, शेजारी मी, माझ्या पलीकडे डॉक्टर. डॉक्टरांना म्हटलं, "तुम्हाला जे जे येतं ते सगळं सांगा. मला कळेपर्यंत सांगा." पंचांना म्हटलं, "आणि तुम्ही आता खरं बोला. खोटं बोलणारा पंच मी अजून बघितला नाही."

हे त्यांना लागलं. गादीखालून एक जुनं चामडी पाकीट काढलं. त्यात शिट्टी आणि दोन कार्डं, एक पिवळं, एक लाल. म्हणाले, "आकडे बंद. पिवळं दाखवलं तर समजा, दुखतंय, पण खेळ चालू द्या. लाल दाखवलं तर समजा, बस झालं, झोपवा. पण दाखवणार मी."

मला वाटलं होतं डॉक्टर हसतील. ते पुढे सरकले. "पिवळं कधी कधी दाखवाल?" इथून दोघांचं जे सुरू झालं त्यात मी नावापुरतीच. अंग पुसताना? पिवळं. खोकताना? पिवळं. नुसतं पडून असताना? काहीच नाही. डॉक्टरांचे डोळे चमकले. "म्हणजे दुखतं ते हललं की! मग दिवसभर औषधाचा मारा करायचाच कशाला?" आणि ठरलं. हलवायच्या आधी थोडं, लगेच चढून लगेच उतरणारं औषध. सूज कमी करायच्या गोळ्या सकाळी. जड औषध रात्री, म्हणजे रात्रीची झोप रात्री. दिवस मोकळा.

काल पंचांनी जागेपणी माझ्याशी दोन तास वाद घातला, की हॉटेल चालवणं सोपं की सामना. मी हरले.

तुम्ही या पोराला घडवलंत. त्याच्या हातात जे आहे ते मला दहा जन्मांत येणार नाही, आणि मी विचारल्याशिवाय ते पंचांपर्यंत पोचलं नसतं, हेही मला आता कळलंय. तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्यावरचा राग कमी होतोय, जरा जपून राहा.

खुळेपणाही सांगते. मी लगेच रंगीत कार्डांचे गठ्ठे कापून घेतले. सवय! एका खोलीत चाललं की सगळ्या मजल्यावर लावायचं. समोरच्या खोलीतल्या मास्तरीणबाईंनी ती माझ्याच अंगावर भिरकावली. "मला तोंड आहे. मी बोलते. हे ज्यानं मागितलं त्याला दे." गठ्ठा टेबलाच्या खणात आहे.

आणि बाई, तुमच्या कार्डावरचं अक्षर इतकं का हललंय? गाडीत बसून लिहिलंत का?

तुमची,
हॉटेलवाली


५ मार्च

बाई,

जहाज बंदराबाहेर येऊन उभं आहे. धक्का रिकामा नाही म्हणून आत घेत नाहीत. हाताच्या अंतरावर येऊन घोडं पेंड खातंय. मी बंदरातल्या ज्या ज्या माणसाला फोन लागला त्याला केला. एकाला तर मी मंत्र्याची बहीण वाटले, मी ते दुरुस्त केलं नाही. तरी उद्या सकाळच्या आत काही होणार नाही.

पंच खालावलेत. कालपासून बोलणं नाही. आज दुपारी दुखणं असं चढलं की हलवण्याची गरजच उरली नाही, पडल्या पडल्या कपाळावर घाम. हात उचलायला गेले, उचलला जाईना. डॉक्टर सुई तयार ठेवून उभे होते. मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, आता लाल कोण दाखवणार?"

आमचं आधीच ठरलं होतं. हात उचलला नाही तर दोन्ही कार्डं तळव्याखाली ठेवायची. मी ठेवली. ठेवताना काय मनात आलं माहीत आहे? लाल जरा जवळ सरकवावं. कोणाला कळलंही नसतं. माझ्यानं ते बघवत नव्हतं, बाई. त्या क्षणी देवाला नाही, तुम्हाला शिव्या घातल्या. असा नियम करणारी ही बाई कोण लागून गेली, म्हटलं.

सरकवलं नाही. दोन्ही सारखी ठेवली.

बोटं हलायला खूप वेळ लागला. त्यांनी पिवळं पुढे ढकललं. मग डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या मनात काय येऊन गेलं ते त्यांना कळलं असावं. त्यांचा जन्म खेळाडूंच्या चोऱ्या पकडण्यात गेलाय.

डॉक्टरांनी मोठी सुई बाजूला ठेवली, लहान दिली आणि जमिनीवरच बसकण मारली. आता तेही तिथेच आहेत. आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना. हे मी मांडीवर कागद घेऊन लिहिते आहे.

तुमची,
हॉटेलवाली


९ मार्च

बाई,

ती आली. त्यांनी तिला बघितलं.

सहा तारखेला सकाळी उन्हं आली तेव्हा पंच जागे होते. आदल्या दिवशीचं दुखणं बरंच उतरलं होतं. डॉक्टर म्हणतात शेवटी शेवटी असं होतं, आणि म्हणतात की त्यांच्या रात्रीच्या औषधानंही झालं असेल. मी म्हटलं, दोन्ही धरू. पलंगावरून खिडकीतून बागेचं फाटक सरळ दिसतं. पंचांची नजर तिथेच होती. एक बाई आली, खांद्यावर भलीमोठी पिशवी, पायांत जहाजावरचे जाड बूट, फाटकाशी अडखळली, कोणत्या दारानं आत जायचं ते तिला कळेना. पंच म्हणाले, "ती बघा. लहानपणापासून अशीच. दार समोर असताना शोधत बसते."

फाटकापासून दारापर्यंतची वाट तशी लांबच आहे. ती पूर्ण वाटभर त्यांनी तिला बघितलं.

ती खोलीत शिरली, पिशवी तिथेच टाकली. ऐकलेलं शब्दशः लिहिते. ते म्हणाले, "जादा वेळ खेळवलंस मला."

ती म्हणाली, "बाबा, धक्का मिळत नव्हता."

"कारणं सांगू नकोस. इकडे उजेडात ये. बघू दे." मग बराच वेळ बघून, "केस का कापलेस?"

आणि ती जी रडायला लागली, आणि रडता रडता हसायला! मी बाहेर पडले. दारात डॉक्टर उभे होते, ते भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. इतका स्वच्छ चष्मा मी आजवर बघितला नाही.

दिवसभर दोघं बोलत होती. मध्येच हसण्याचे आवाज येत होते. दुपारी मला आत बोलावलं. लेकीला म्हणाले, "या माझ्या मॅडम. यांचे पाय धर." तिनं खरंच वाकून धरायला घेतले, मी कशीबशी मागे झाले. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही नसतात तर..." आणि वाक्य पुरं केलं नाही. बाई, मी असंख्य पाहुण्यांचे आभार ऐकलेत, वहीत लिहून घेतलेत, भिंतीवर लावलेत. हे अर्धं वाक्य त्या सगळ्यांहून वजनदार आहे.

उन्हं कलली तेव्हा पंचांनी हात उशीखाली घातला. स्वतः घातला. लाल कार्ड काढलं आणि उंच धरलं, अगदी दंड ताठ करून, मैदानात धरत असतील तसं. लेकीनं ते घेतलं, कपाळाला लावलं. डॉक्टरांनी औषध दिलं. झोप लागेपर्यंत पंच तिच्याकडेच बघत होते. आठ तारखेला पहाटेनंतर गेले, शांतपणे.

शिट्टी ती घेऊन गेली. लाल कार्ड तिनं मला दिलं. पिवळं डॉक्टरांनी मागून घेतलं.

पाच तारखेच्या माझ्या पत्राला तुमचं उत्तर आज आलं. "बरोबर केलंस की चूक हे तेव्हा कोणालाच कळत नसतं. मलाही कधी कळलं नाही. तू खुर्ची सोडली नाहीस, पुरे झालं." बाई, हे मला तेव्हा हवं होतं, आत्ता पोचलं. पण आत्ताही हवंच होतं.

तुमची,
हॉटेलवाली


२२ मार्च

बाई,

तुमचं पहिलं खरं पत्र. तेही चिरंजीवांच्या अक्षरात, तुम्ही सांगितलेलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं, दुसऱ्यांदा बसून.

म्हणजे गाडीत बसून लिहिलं नव्हतंत. अक्षर हलत होतं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. यकृतात आहे, पसरलंय, उपचार नकोत, पुढच्या आठवड्यात तिकडे येते, खोली असेल तर सांग. एखाद्या मीटिंगची वेळ कळवावी तसं लिहिलंत. खोली असेल तर! तुमच्या घराला तुम्ही विचारता?

आणि शेवटी तो प्रश्न. "पंचांनी तुला का निवडलं, ते न लिहिलेलं कारण अजून सांगितलं नाहीस. मला ते कळायला हवं. आता मलाही निवडायचं आहे."

मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते, ते तुम्ही कधीच ओळखलं असणार. सांगते. हसायचं असेल तर हसा.

हॉटेलात आम्हाला एक शिकवलं जातं. खोली पाहुण्याला द्यायच्या आधी पलंगावर आडवं व्हायचं. उभ्यानं खोली चकचकीत दिसते, पण पाहुणा ती झोपून बघतो. दिव्याचा झोत डोळ्यांवर येतो का, पंख्याची कुरकुर ऐकू येते का, आरशात भलतंच काही दिसतं का, हे आडवं झाल्याशिवाय कळत नाही. इथे आल्यापासून नवा माणूस यायच्या आधी मी हे चोरून करते. इथे ते शोभत नाही, असं मला वाटायचं. ज्या पलंगावर कोणीतरी जाणार, त्यावर आपण चपला काढून ऐसपैस पडायचं! म्हणून कोणी आसपास नाही असं बघून करायची.

पंच यायच्या दिवशी मी अशीच आडवी झाले. तिथून खिडकीतून शेजारची भिंत तेवढी दिसत होती. उठले, एकटीनं पलंग ढकलत ढकलत तिरका केला, परत आडवी झाले. आता फाटक दिसत होतं. म्हटलं, इथे पडलेल्याला कोण येतंय ते तरी दिसेल. आणि मान वळवून बघते तर दारात चाकाची खुर्ची, खुर्चीत पंच! गाडी लवकर आली होती. ड्रायव्हर खाली बॅग काढत होता, तेवढ्यात हे स्वतःच चाकं ढकलत आले होते. मी त्यांच्या पलंगावर, चष्मा केसांत, चपला खाली. ते म्हणाले, "चालू द्या. मी थांबतो." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

सहा तारखेला दुपारी, लेक तोंड धुवायला गेली होती तेव्हा, तेच कारण त्यांनी मला परत सांगितलं, "आजारी पडल्यापासून सगळ्यांनी मला पलंगावर बघितलं, मॅडम. पलंगावरून बघणाऱ्या तुम्ही एकट्या. म्हणून तुम्ही."

एवढंच आहे ते कारण.

तुम्ही समितीत म्हणालात ते खरंच होतं. हॉटेलातून लोक घरी जातात. इथून जात नाहीत. पण तुम्ही हात वर केला नाहीत, म्हणून मी दोन वर्षं हट्टानं इथलं शिकत राहिले, आणि तुमचा नियम मोडायचा राहून गेला, म्हणून पंच माझ्या वाट्याला आले. दोन्हींबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे तुम्ही समोर आलात की माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

बागेकडची खोली तुमची आहे. काल भर दुपारी मी तिथे आडवी झाले. दार उघडंच ठेवलं. मोठ्या सिस्टर डोकावल्या, म्हणाल्या, "काय हो, बरं नाही का?" मी म्हटलं, "या, तुम्हीही बघा." त्याही शेजारी आडव्या झाल्या. आम्हा दोघींना छतावर, बरोबर डोळ्यांसमोर, ओलीचा एक डाग दिसला. इतकी वर्षं उभ्यानं कोणाला दिसला नव्हता, आणि पंचांच्या वेळी माझी नजर खिडकीवरच होती. रंगारी उद्या येतो आहे, वास जायला दोन दिवस पुरतील. पलंग अजून फाटकाकडे तोंड करूनच आहे.

तुम्ही आल्यावर तीन दिवसांनी सिस्टर तुम्हाला तुमचाच प्रश्न विचारतील. तुमचे डॉक्टर आहेत, तुम्ही हाताला धरून शिकवलेली सगळीच माणसं आहेत. कोणालाही निवडा. ज्याला निवडाल त्याला नाही म्हणता येत नाही, तुमचं ते 'नाही' लिहिलेलं कार्ड मी जपून ठेवलंय.

मी त्या दिवशीची बाहेरची सगळी कामं रद्द केली आहेत. ऑफिसातच असेन.

तुमची,
हॉटेलवाली